बिल देणार की पगारावर येणार? अर्धवेळ कामाला लागण्याआधीचे कराचे कागद

जून २०२४ मध्ये नळ स्टॉपजवळच्या एका छोट्या आर्किटेक्ट फर्ममध्ये मला हा प्रश्न विचारला गेला आणि मी म्हणाले, "तुम्हाला सोपं पडेल तसं." आठ वर्षं घरी 'बसून' (म्हणजे मुलाची शाळा, सासूबाईंची दोन ऑपरेशनं आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळून) परत कामाला निघालेली बाई असंच म्हणते. आपल्याला कुणीतरी घेतंय याचंच अप्रूप असतं. त्या एका वाक्यापायी माझे ३२,००० रुपये वर्षभर सरकारकडे जाऊन बसले. मिळाले परत, पण त्यासाठी काय काय करावं लागलं ते सांगते. तुमचं काम आर्किटेक्टचं नसलं तरी निम्म्याहून जास्त गोष्टी लागू पडतील.

आधी एक गैरसमज काढून टाका. अर्धवेळ, हाफ डे, आठवड्यातून तीन दिवस हे शब्द आयकराला माहीतच नाहीत. "थोडंसंच काम करते, मला कुठला टॅक्स" हे वाक्य मी डहाणूकर कॉलनीत किमान चार जणींकडून ऐकलंय. आयकर दोनच गोष्टी बघतो: वर्षाचं एकूण उत्पन्न किती आणि ते कुठल्या खात्यात मोडतं, पगार की व्यवसाय. दुसऱ्या गोष्टीचा निकाल तुम्ही होकार देताना लागतो, रिटर्न भरताना नाही. म्हणून वरचा प्रश्न नीट ऐकून घ्यायचा आणि उत्तराला एक दिवस मागायचा.

माझं ठरलं महिना ४०,००० वर. पगारावर गेले असते तर ऑगस्ट ते मार्च आठ महिन्यांचे ३,२०,००० झाले असते. त्यातून नव्या करपद्धतीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की राहिले २,४५,०००. त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) शून्य आणि पूर्ण पगार हातात. मी बिलावर गेले. बिलावर, म्हणजे व्यावसायिक फी म्हणून, तेव्हाच्या १९४जे कलमाखाली सरसकट १० टक्के कापले जातात. तुमचं उत्पन्न करपात्र आहे की नाही हे कापणारा विचारत नाही. महिना ४,००० प्रमाणे आठ महिन्यांचे ३२,०००.

मग पगारच घ्यायचा का? तसंही नाही. बिलावर असताना माझ्यासारखीला मिळणारी एक मोठी सवलत आहे, तिच्याकडे येतेच. पण निवड मोकळी आहे असंही समजू नका. रोज ठरलेल्या वेळी जायचं, त्यांच्याच टेबलावर बसायचं, रजा मागून घ्यायची, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, असं असेल तर ती नोकरी आहे, कागदावर 'कन्सल्टंट' लिहिलं तरी. अशी नोकरी बिलावर करायला लावणारी ऑफिसं पुण्यात पैशाला पासरी आहेत, कारण मग पीएफ नको, ग्रॅच्युइटी नको, सुट्टीचा पगार नको. फायदा त्यांचा असतो आणि कागद आपण सांभाळायचे. माझ्या बाबतीत मी घरून काम करते, ड्रॉइंगच्या संचाप्रमाणे बिल लावते, साइटला गरजेपुरती जाते आणि दुसरी कामंही घेऊ शकते. त्यामुळे बिल योग्यच होतं. फक्त ते मी समजून उमजून निवडायला हवं होतं.

पॅन: लग्नाआधीची मी आणि आताची मी

कामाचं ठरल्यावर कॉलेजातली एक मैत्रीण, आता सीए, तिला फोन केला. अभिनंदन वगैरे राहू दे, पहिला प्रश्न: "पॅन चालू आहे का?" मला वाटलं, पॅन काय गिझर आहे चालू-बंद व्हायला. पण ३० जून २०२३ पर्यंत आधारशी न जोडलेली पॅन कार्डं १ जुलैपासून निष्क्रिय झाली होती आणि माझं त्यात होतं. निष्क्रिय पॅनवर टीडीएस १० नाही, २० टक्के कापतात, आणि परतावा अडकून राहतो. पहिलं बिल देण्याआधी हे कळलं हे नशीब.

तुमचं पॅन कसं आहे ते आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही दिसतं. पहिल्या पानावर 'व्हेरिफाय पॅन स्टेटस' आहे, पॅन, नाव, जन्मतारीख आणि ओटीपी, दोन मिनिटांचं काम.

माझी अडचण घरोघरच्या बायकांची. पॅन २००५ चं, माहेरच्या नावाचं. आधार लग्नानंतरचं, नवऱ्याचं नाव मध्ये आणि सासरचं आडनाव शेवटी. जोडणीसाठी नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं. आधी यातलं एक बदलून दोन्ही सारखी करायची, मगच जोडणी. कुठलं बदलायचं? बँक, मुलाची शाळा, घराचे कागद ज्या नावाने आहेत ते ठेवा आणि दुसरं बदला. माझं सगळं आधारच्या नावाने होतं, म्हणून मी पॅनमध्ये दुरुस्ती केली. विवाह नोंदणीचा दाखला जोडला. फी शंभर रुपयांच्या आसपास. फॉर्मात एक गंमत आहे: लग्न होऊन कितीही वर्षं झाली तरी तिथे वडिलांचंच नाव लागतं, नवऱ्याचं चालत नाही. मी सवयीने नवऱ्याचं लिहून ठेवलं होतं, मैत्रिणीने खोडलं.

अख्ख्या देशातून पॅनचे जे कागद पोस्टाने जातात त्यातले बरेचसे पुण्यातच येतात, बाणेर रस्त्यावर सफायर चेंबर्समध्ये पॅनचं काम बघणाऱ्या प्रोटीअन कंपनीचं ऑफिस आहे तिथे. पूर्वी हेच काम मॉडेल कॉलनीत, दीप बंगला चौकापाशी चालायचं. म्हणून सासरे म्हणाले, "कोथरूडहून बाणेरला पोस्ट कशाला, मी स्कूटरवर देऊन येतो." तशी वेळ आली नाही, सगळं ऑनलाइन झालं.

नाव बदलून आलं की पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मधून १,००० रुपये उशिराचं शुल्क भरायचं. तिथे 'इतर पावत्या' या प्रकारात पॅन-आधार जोडणीचा उशीर असा पर्याय मिळतो. प्रकार चुकवू नका, नाहीतर पैसे जातात आणि जोडणी होत नाही. भरलेले पैसे तिथे दिसायला लागले की जोडणीची विनंती टाकायची. पॅन पुन्हा चालू व्हायला त्यानंतरही महिना लागू शकतो. माझे जून आणि जुलै यातच गेले, म्हणून काम ऑगस्टपासून. तुम्ही कामाच्या शोधात असाल तर हे आजच बघा, मुलाखतीची वाट बघू नका.

याच दिवसांत आणखी दोन किरकोळ कामं उरकली. पोर्टलवरचं माझं जुनं खातं २०१६ च्या ऑफिसच्या ईमेलवर होतं, तो ईमेल केव्हाच मेला. आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदलता आला, पण आधारला मोबाइल नंबर नवऱ्याचा! म्हणजे ओटीपी हिंजवडीत आणि मी कोथरूडात. आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर लावून घेतला. दुसरं म्हणजे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी. ती चालू नसेल तर आर्किटेक्ट म्हणवूनच घेता येत नाही. तुमच्या पेशाची अशी नोंदणी असेल तर तीही बघून ठेवा.

व्यवसाय कर, जो सगळे विसरतात

हा केंद्राचा नाही, महाराष्ट्राचा. पगारावर असलेल्या बाईचा महिन्याचा पगार २५,००० पर्यंत असेल तर एप्रिल २०२३ पासून तो शून्य आहे. पुरुषांना ही सवलत नाही, त्यांची सूट ७,५०० लाच संपते. २५,००० च्या वर गेलात की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००, आणि ते ऑफिस कापतं. अर्धवेळ पगार ठरवताना २५,००० आणि २५,५०० यांत हा फरक पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

बिलावर असाल तर मात्र बाई म्हणून सूट नाही. आर्किटेक्ट, इंजिनियर, सीए, वकील, डॉक्टर यांनी पीटीईसी काढायचं, म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदणी, आणि वर्षाला सरळ २,५०० भरायचे. कमाई कमी म्हणून कमी नाही. नोंदणी महाजीएसटीच्या संकेतस्थळावर होते आणि पुढच्या वर्षांची मुदत ३० जून. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. फर्मच्या मालकांनाही विचारलं तर ते म्हणाले, "ते आमचे अकाउंटवाले बघतात." आमचे म्हणजे त्यांचे. आपलं आपणच बघायचं असतं.

जीएसटीची भीती मात्र काढून टाका. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. अर्धवेळ कामात तिथवर पोचलात तर मला पेढे द्या. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही.

बिलाचं म्हणाल तर माझं बिल एका पानाचं आहे. वर नाव, पत्ता, पॅन. बिल नंबर आणि तारीख. कामाचं नाव, जसं 'कर्वेनगर बंगला, वर्किंग ड्रॉइंग, संच २'. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, खाली बँकेचा तपशील. नंबर सलग ठेवा. अप्पा बळवंत चौकातून एक जाड बॉक्स फाइल आणली आणि प्रत्येक बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहीत गेले: किती आले, कधी, किती कापले. पुढे जे झालं त्यात हीच पेन्सिल उपयोगी पडली.

१५जी चा मोह

पहिल्या कापणीनंतर मी फर्मच्या अकाउंटंटना म्हणाले, "काका, मी १५जी देते ना, कापू नका." म्हणजे 'माझं उत्पन्न करपात्र नाही, कर कापू नका' असं लिहून देण्याचा तेव्हाचा फॉर्म, बँकेत दर एप्रिलला देतो तसा. ते हसले आणि बरोबर हसले. १५जी व्याजासारख्या ठरावीक रकमांना चालतो, व्यावसायिक फीला नाही. फीवर कमी कापून घ्यायचं असेल तर अर्ज (तेव्हाचा फॉर्म १३) भरून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणावा लागतो. दाखला ऑनलाइन मिळतो, पण वर्षभराचा अंदाज आणि मागची रिटर्न्स मागतात. आठ वर्षं रिटर्नच नसलेल्या मला पहिल्या वर्षी ते जमण्यातलं नव्हतं, सोडून दिलं. तुमची दोन-तीन वर्षांची रिटर्न्स असतील तर जरूर करा.

आता बँकेतल्या १५जी बद्दलही बोलायलाच हवं, कारण इथे बऱ्याच घरांत गडबड आहे. नवरा स्वतःच्या पैशाची एफडी बायकोच्या नावावर करतो, "तुझं उत्पन्न नाही, कर लागणार नाही" म्हणून, आणि बायको १५जी वर सही करते. त्या एफडीचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं असतं. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्यावर कर नाही, पण त्या पैशातून येणारं उत्पन्न त्याचंच. ती घरी असते तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. ती रिटर्न भरायला लागली की तिच्या पॅनवरचं सगळं व्याज समोर येतं आणि घरात चर्चासत्र भरतं.

आमच्याकडेही भरलं. दोन एफडी निघाल्या. एक माझ्या जुन्या नोकरीतल्या बचतीची, वर्षाचं व्याज २२,०००. दुसरी नवऱ्याच्या बोनसची, व्याज १४,०००. पहिलं माझ्या रिटर्नमध्ये गेलं, दुसरं त्याच्या. तो म्हणाला, "म्हणजे तू कामाला लागलीस आणि माझा कर वाढला?" तुझा होताच, फक्त आता दिसला, एवढंच मी म्हणाले. आणि आता माझ्या कमाईतून मी जी एफडी करते तिचं व्याज पूर्ण माझं. म्हणून दोघांचे पैसे एका एफडीत कालवू नका, वेगळ्या पावत्या करा.

निम्मी सवलत आणि ती कुणाला

आता ती मोठी गोष्ट. १९६१ च्या आयकर कायद्यात ४४एडीए नावाचं कलम आहे. काही ठरावीक पेशांतल्या लोकांची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. हिशोबाच्या वह्या ठेवायची, खर्चाच्या पावत्या जोडायची सक्ती नाही. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्त दाखवा, निम्म्याहून कमी मात्र असं सहज दाखवता येत नाही. यादीत आर्किटेक्ट, इंजिनियर, डॉक्टर, वकील, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरियर, कंपनी सेक्रेटरी, सिनेमातले कलाकार, माहिती तंत्रज्ञान हे आहेत.

यादीत नाव नसेल तर हे कलम तुमचं नाही. माझी एक मैत्रीण जर्मनमधून भाषांतरं करते. माझं ऐकून तीही निम्मं लावायला निघाली होती. भाषांतर त्या यादीत नाही. तिला खऱ्या खर्चाचा हिशोब ठेवून आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरायला लागतो, आणि तिथे मात्र सीएची फी वाचवू नये.

माझी पहिल्या वर्षाची बेरीज: ३,२०,००० चे निम्मे १,६०,०००, अधिक माझं व्याज २२,०००, एकूण १,८२,०००. तीन लाखांच्या खाली, कर शून्य, आणि कापलेले ३२,००० अख्खे परत. रिटर्न भरणं मात्र माझ्या मर्जीवर नव्हतं. उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी वर्षात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्न भरावंच लागतं. त्याशिवाय परतावा मिळत नाहीच, ते वेगळं.

२०२५-२६ साठी करमुक्त मर्यादा ४ लाख झाली, आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. शेअर विकून झालेल्या नफ्याला ती सूट नाही, हे अर्धवट ऐकणाऱ्यांसाठी. १९४जे ची मर्यादाही (वर्षाची फी तिच्या आत असेल तर कापणी नाही) ३०,००० वरून ५०,००० झाली. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला आहे. कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदललेत (इथे दिलेले जुने आहेत), पण मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न जुन्याच कलमांनी.

जुन्या करपद्धतीत राहायचा मोह असेल तर एक लक्षात घ्या. पगारवाली दर वर्षी पद्धत बदलू शकते. व्यवसायाचं उत्पन्न असलेलीला जुनीत जायला मुदतीच्या आत १०-आयईए फॉर्म लागतो, आणि एकदा नवीत परतली की पुन्हा जुनीत जाण्याचा रस्ता बंद. अर्धवेळ कमाईला जुनीचा बहुतेकदा उपयोगच नसतो.

हरवलेले १२,०००

एप्रिलमध्ये वर्ष संपलं की लगेच रिटर्न भरायला बसू नका. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला ऑफिसला ३१ मेपर्यंत मुदत असते, मग २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर किती कर जमा झाला ते दाखवणारा पोर्टलवरचा उतारा) ते उमटायला आणि फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, हातात यायला जूनचा मध्य उजाडतो. पगारावर असाल तर फॉर्म १६ चंही तेच.

मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात २६एएस उघडलं. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत ८,००० बरोबर. जानेवारी ते मार्च १२,००० बरोबर. ऑक्टोबर ते डिसेंबर, काहीच नाही. पेन्सिलीच्या नोंदी बघितल्या, कापलेले तर होतेच. काकांना फोन. "भरलेत मॅडम, आमच्याकडे चलान आहे." आमच्याकडे! परत फोन. तिसऱ्या फोननंतर वनाजहून मेट्रो पकडली, नळ स्टॉपला उतरले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. विवरणात माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. माझे १२,००० दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

अशा वेळी भांडायचं नाही, मागायचं ते नेमकं मागायचं: "त्या तिमाहीचं करेक्शन विवरण भरा आणि नवा १६ए द्या." शब्द हेच वापरा, म्हणजे टोलवता येत नाही. आणि लेखी मागा, ईमेलवर, बिलांचे नंबर घालून. मला तीन आठवडे लागले. तोवर रिटर्न भरलं नाही, कारण २६एएस मध्ये नसलेली कपात मागितली की परतावा तिथेच अडतो. दर तिमाहीनंतर २६एएस बघितलं असतं तर हे फेब्रुवारीतच सापडलं असतं. आता बघते.

त्याच वेळी पोर्टलवरून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, तेही उतरवून घ्या. त्यात व्याज, लाभांश, म्युच्युअल फंड, सगळं असतं. फाइलीचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. नवऱ्याच्या एफडीचे ते १४,००० इथे माझ्या नावावर दिसले, तिथे ही रक्कम दुसऱ्या पॅनची आहे असा अभिप्राय नोंदवता येतो, तो नोंदवला.

रिटर्न आयटीआर-४. नुसत्या पगारवालीला आयटीआर-१ पुरतं. आयटीआर-४ मध्ये ३१ मार्चला हातात रोख किती, येणं किती असे रकाने असतात. मार्चचं बिल एप्रिलमध्ये मिळालं असेल तर ते येणं. परतावा ज्या खात्यात हवा ते खातं पोर्टलवर आधी तपासून घ्या, खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळायला हवं. इथे ते जून-जुलैचे दोन महिने वसूल झाले. मग ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी. ती राहिली तर भरलेलं रिटर्न भरलेलं धरत नाहीत.

त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. मी ऑगस्टमध्येच मोकळी झाले होते. परतावा आला तो संकष्टीचा दिवस होता, सासूबाईंनी श्रेय गणपतीला दिलं. सोबत थोडं व्याजही आलं. ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं असतं, म्हणून बॉक्स फाइलीत पहिल्याच पानावर त्याची चिठ्ठी लावून ठेवली आहे.